‘तसं आम्ही मॅनेज करतोय’: एनडीआयएसच्या रिव्ह्यूआधी काय तयारी करावी

तुमच्या लांबलचक प्रश्नात मध्येच एक छोटं वाक्य आहे, ‘तसं आम्ही मॅनेज करतोय’. ते मी दोनदा वाचलं. माझं बहुतेक उत्तर त्याच वाक्याबद्दल आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहता. मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, ऑटिझम लेव्हल २, मोजके शब्द बोलतो. एनडीआयएस ही ऑस्ट्रेलियाची सरकारी अपंगत्व विमा योजना, आणि कुठल्या मदतीसाठी किती पैसे मिळतील ते तिच्या प्लॅनमध्ये ठरतं. त्या प्लॅनच्या रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची, तारीख अकरा आठवड्यांवर आली आहे. आत्ताच्या प्लॅनमधले चाळीस टक्के पैसे वापरलेच गेलेले नाहीत. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत आणि त्यांचा मोठा आधार आहे. मुलाबद्दल ‘वाईट’ काही लिहून द्यायचं नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. त्यातच ओळखीतल्या दोन घरांचे मदतीचे मंजूर तास कमी झाल्याचं कळलं आणि तुमची झोप उडाली. काय जमवायचं, मीटिंगमध्ये काय बोलायचं आणि मुलाला तिथे बसवायचं का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. २०१३ च्या जुलैमध्ये ही योजना जीलाँगच्या भागात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हापासून या कामात आहे. योजनेवर आज सात लाखांहून जास्त माणसं आहेत आणि त्यांत ऑटिझम असलेल्यांचा गट सगळ्यात मोठा आहे. आपल्या मराठी घरांबरोबर मी बरंच काम केलं आहे. अमराठी घरांत क्वचित होणारी एक गोष्ट आपल्याकडे वारंवार होते, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

घरी पाहुणे आले आणि ‘कसं काय चाललंय’ म्हणाले, तर आपण ‘मजेत’ म्हणतो. डॉक्टरलाही ‘तसं बरं आहे’ असंच सांगतो. घरातलं दुखणं चारचौघांत उघडं करायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. योजनेच्या प्लॅनरने ‘हाऊ आर थिंग्ज अ‍ॅट होम’ विचारलं की आपल्या तोंडून तेच उत्तर इंग्रजीत बाहेर पडतं. प्लॅनर ते लिहून घेतो. त्यात त्याची लबाडी नसते, आपण सांगितलं तेच त्याने लिहिलेलं असतं.

आता या वाक्याचं पुढे काय होतं ते बघा. एनडीआयएस कायद्याचं कलम ३४ हे पैसे देण्याच्या निकषांचं कलम आहे. मागितलेली मदत मुलाच्या ध्येयांना उपयोगी पडते का, खर्चाच्या मानाने रास्त आहे का, ती परिणामकारक ठरते का, असं त्यात एकेक तपासलं जातं. त्यांतला एक निकष असा: घरच्यांकडून, नातेवाइकांकडून, आजूबाजूच्यांकडून जेवढ्या मदतीची अपेक्षा ठेवणं रास्त आहे, तेवढी वजा करायची. ‘आम्ही मॅनेज करतोय’ हे वाक्य सरळ त्या वजाबाकीत जाऊन पडतं. तुम्ही, नवरा आणि आजी मिळून जे काही ओढता आहात ते सगळं ‘घरचे करतात’ या रकान्यात जमा होतं. तुमच्या ताकदीची तिथे नोंद होते आणि मुलाची गरज कागदावर कमी दिसते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्या माणसाशी तुम्ही बोलता, म्हणजे अर्ली चाइल्डहुड पार्टनर (लहान मुलांसाठी) किंवा एलएसी (लोकल एरिया कोऑर्डिनेटर), तो माहिती गोळा करतो. प्लॅन मंजूर करण्याचा अधिकार योजना चालवणाऱ्या एजन्सीच्या डेलिगेटला (अधिकाऱ्याला) असतो, आणि तो डेलिगेट बहुतेक वेळा तुमच्या मुलाला कधीच भेटलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त कागद असतात. मुलाचं हसणं, चावणं, रात्री उठून नळ सोडणं, यातलं जे कागदावर नाही ते त्याच्यापुरतं घडलेलंच नाही.

म्हणून पहिलं काम डायरीचं. आजपासून चौदा दिवस. सुंदर लिहायची गरज नाही, फोनच्या नोट्समध्ये मराठीत लिहिलंत तरी चालेल, नंतर इंग्रजी करता येतं. चांगले दिवस निवडायचे नाहीत आणि फक्त वाईट दिवसही निवडायचे नाहीत. जे झालं ते, वेळेसकट. एका घरातल्या नोंदीचा नमुना देते, तपशील बदलले आहेत:

‘६.४०. दात घासणे. ब्रश जवळ नेला की डोकं मागे. आजीने मागून धरलं, मी घासले. वरचे मागचे दात राहिले. आजीच्या मनगटाला चावला, वळ उठला. ६.५५. शर्टची बाही ओली झाली म्हणून शर्ट काढून फेकला. दुसऱ्या शर्टाचं लेबल टोचतं. कात्रीने कापलं. ७.२०. रडणं थांबलं. मी अंघोळ न करता ऑफिसच्या कॉलवर.’

या चाळीस मिनिटांत दोन मोठी माणसं गुंतली होती, एकाला इजा झाली, आणि शेवटी दात पुरते घासले गेले नाहीतच. घरच्यांना याचं काही वाटेनासं झालेलं असतं. ‘रोजचंच आहे’ म्हणून त्या आईने मला हे तोंडी कधी सांगितलं नव्हतं. लिहिल्यावर दिसलं.

चौदा दिवसांनी बेरीज करा. किती रात्री कोण किती वाजेपर्यंत जागं होतं. कुठल्या कामाला एक माणूस पुरत नाही. दाराबाहेर, पार्किंगमध्ये, दुकानात हात सोडून किती वेळा पळाला. दिवसाला मोठ्या माणसांचे एकूण किती तास गेले. हे आकडे एका पानावर मांडा. डेलिगेटला चौदा पानांची डायरी वाचायला वेळ नसतो, पण एक पान तो वाचतो आणि शंका आली तर मागची डायरी चाळतो.

मूल लहान असताना तुलना मोठ्या माणसाशी होत नाही, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाशी होते. साडेआठ वर्षांच्या कुठल्याही मुलाला आई थोडं ओरडतेच, दप्तर भरायला लावतेच. ते आईबापांचं नेहमीचं काम धरलं जातं, त्याचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा प्रत्येक नोंदीशेजारी एक ओळ घाला: शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाला यासाठी काय लागतं? त्याला ‘दात घास’ दोनदा सांगावं लागत असेल आणि तुमच्याकडे दोन माणसं आणि पंधरा मिनिटं लागत असतील, तर योजनेचा प्रश्न त्या फरकाचा आहे.

इथे भरवण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे यात हमखास गल्लत होते. ‘तो स्वतः जेवतो का?’ या प्रश्नावर मराठी आई थबकते. आपल्याकडे आठ-नऊ वर्षांच्या धडधाकट मुलालाही आजी वरण-भाताचे घास भरवते, गोष्ट सांगत. ते लाड असतात. पण मुलाला चमचा नीट धरता येत नसेल, भाताचा ओलावा बोटांना सहन होत नसेल, किंवा भरवलं नाही तर तो जेवणारच नसेल, तर तेच भरवणं गरज होते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. प्लॅनरला वाटतं, यांच्या घरची ही रीत आहे. आईलाही नक्की सांगता येत नाही, कारण तिने कधी थांबून पाहिलेलंच नसतं. चार दिवस, एका वेळच्या जेवणाला, ताट समोर ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. किती घास खाल्ले, काय सांडलं, उठून गेला का, ते लिहा. आजींना हे बघवणार नाही, त्यांना आधी समजावून सांगा. शक्य असेल तर तुमच्या ओटीला त्यातल्या एका जेवणाला घरी बोलवा. अशा एका निरीक्षणाचं रिपोर्टमध्ये फार वजन पडतं. कपडे घालणं, अंघोळ, शी धुणं, सगळीकडे हाच प्रश्न स्वतःला विचारा: मी हे सवयीने करते, की तो करू शकत नाही म्हणून?

आता आजींचं. तुम्ही लिहिलंय की त्या आल्यापासून सगळं सुरळीत झालं. तुमच्या रिव्ह्यूतला सगळ्यात नाजूक मुद्दा हाच आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्या विझिटर व्हिसावर आहेत, दहा महिने झाले आहेत. या व्हिसावर सहसा अठरा महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहता येत नाही. म्हणजे नवा प्लॅन हातात येईपर्यंत त्या सांगलीला परतलेल्या असतील, आणि त्यांच्या जिवावर ‘घरचा आधार भक्कम’ असं लिहून पुढच्या वर्षाचं फंडिंग ठरलेलं असेल. हे मी होताना पाहिलं आहे. आजी गेल्या, आईने नोकरीचे तास निम्मे केले, आणि प्लॅनमध्ये मात्र आजी अजून घरातच होत्या.

यावर उपाय साधा आहे. आजी रोज काय काय करतात आणि किती वेळ, ते वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांच्या व्हिसाची मुदत आणि परतीच्या तिकिटाची प्रत जोडा. त्यांचं वय आणि त्यांची स्वतःची दुखणीही लिहा. गुडघे दुखत असतील तर पळणाऱ्या मुलामागे त्या धावू शकत नाहीत, हे स्पष्ट लिहा. आणि एक वाक्य नक्की घाला: अमुक तारखेनंतर ही मदत उपलब्ध नसेल आणि तिची जागा घेणारं दुसरं कोणी घरात नाही. आजी सदिच्छेने म्हणतील, ‘मी आहे ना, मी बघते त्याला’. मीटिंगमध्ये त्या बोलणार असतील तर हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या. त्यांच्यासाठी दुभाषा मागा. टीआयएस नॅशनलची दुभाषा सेवा तुम्हाला मोफत असते, नंबर १३१ ४५०. मराठी दुभाषा हवा असं आधीच सांगून ठेवा. मुलाबद्दलच्या बारकाव्यांना कामचलाऊ हिंदी पुरत नाही. आणि तुम्ही स्वतः आजींच्या दुभाष्या होऊ नका. तुम्हाला त्या वेळी आई म्हणून बोलायचं असतं.

तुमच्या नवऱ्याची भीती मी हलकी मानत नाही. ‘वाईट लिहून दिलं तर कायमचा शिक्का बसेल’, हे मला जवळजवळ प्रत्येक बापाने वेगवेगळ्या शब्दांत विचारलं आहे. त्यांना दोन गोष्टी सांगा. एनडीआयएसकडची माहिती कायद्याने संरक्षित आहे. तुम्ही दिलेला रिपोर्ट ते शाळेला किंवा उद्याच्या मालकाला परस्पर वाटत नाहीत. दुसरी भीती काही जण दबक्या आवाजात विचारतात, ती व्हिसाची. एनडीआयएसवर असणारा मुलगा मुळातच नागरिक, कायम रहिवासी किंवा संरक्षित विशेष श्रेणीच्या व्हिसावरचा असावा लागतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाच्या अर्जाला आरोग्याची अट नाही. कायम रहिवासी असलेल्या मुलाचं नागरिकत्व या रिपोर्टमुळे अडत नाही.

तिसरी गोष्ट मी स्वतः त्यांना सांगेन. रिपोर्टमध्ये मुलगा कसा आहे हे लिहायचं नसतं, त्याला काय मिळालं नाही तर काय होतं हे लिहायचं असतं. ‘तो आक्रमक आहे’ असं मी लिहीत नाही. ‘दोन माणसं नसताना दात घासायला गेलं की तो घाबरून चावतो’ असं लिहिते. पहिलं वाक्य मुलावर बोट ठेवतं, दुसरं मदतीवर. बापाला हे वाक्य दाखवलं की बऱ्याचदा तोच पुढची तीन उदाहरणं सांगतो.

तरीही हे सगळं लिहिणं जड जातं. आपल्या लेकराचा सगळ्यात वाईट दिवस इंग्रजीत टाइप करताना तुम्ही रडाल. रात्री एकट्याने बसून लिहू नका. केअरर गेटवेचा १८०० ४२२ ७३७ हा नंबर जवळ ठेवा. तिथलं समुपदेशन तुमच्यासाठी, म्हणजे सांभाळणाऱ्यांसाठी आहे आणि मोफत आहे.

आता रिपोर्ट. ओटी आणि स्पीच थेरपिस्टला उद्याच ईमेल करा. अकरा आठवडे भरपूर वाटतात, पण चांगल्या थेरपिस्टकडे रिपोर्टसाठी सहा ते आठ आठवडे सहज लागतात. रिपोर्टच्या तासांचे पैसे प्लॅनमधूनच जातात. ओटीचा कमाल दर तासाला १९३.९९ डॉलर आहे, त्यामुळे आठ तासांचा रिपोर्ट म्हणजे दीड हजाराच्या वर गेला. शिल्लक आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मे २०२५ पासून नव्या प्लॅनमध्ये पैसे टप्प्याटप्प्याने, बहुतेकदा तीन-तीन महिन्यांनी, मोकळे होतात. तुमच्या प्लॅनमध्ये असे टप्पे असतील तर चालू टप्प्यात कपॅसिटी बिल्डिंगमध्ये (थेरपीचे पैसे ज्या भागात असतात त्यात) नक्की किती आहे ते पोर्टलवर पाहून घ्या.

थेरपिस्टला नुसतं ‘रिपोर्ट द्या’ म्हणू नका. तुमच्या डायरीचं ते एक पान पाठवा. त्यांना मूल आठवड्यातून एक तास, शांत खोलीत, त्याच्या आवडीच्या खेळण्यांसोबत दिसतं. सकाळचे सहा चाळीस त्यांनी पाहिलेले नसतात. व्हाइनलँडसारखी, मूल रोजची कामं किती करतं ते मोजणारी प्रश्नावली भरून घेतली जाईल, त्यातही आपली तीच सवय आडवी येते. ‘कधी कधी करतो’ आणि ‘नेहमी करतो’ यांत आपण प्रेमाने वरचा पर्याय निवडतो. वर्षातून दोनदा केलेली गोष्ट ‘करतो’ या सदरात टाकू नका.

मसुदा हातात आला की शिफारशींचं पान आधी वाचा. ‘त्याला ओटीचा फायदा होईल’ असं लिहिलं असेल तर ते वाक्य परत पाठवा. फायदा तर कोणालाही होईल. हवं ते असं: ‘पुढच्या बारा महिन्यांत आठवड्याला एक तास ओटी, दात घासणे आणि कपडे या दोन कामांसाठी. गेल्या वर्षी याच पद्धतीने तो बूट स्वतः घालायला शिकला. हे तास नसतील तर दोन माणसांची गरज कायम राहील.’ यात किती तास, कशासाठी, चालतं याचा पुरावा काय आणि न दिल्यास काय होईल, हे सगळं आलं. तासांच्या आकड्यामागे कारण नसेल तर तो आकडा सगळ्यात आधी कापला जातो.

प्रगतीबद्दलही सांभाळून लिहावं लागतं. प्रगती काहीच नाही असं लिहिलं तर ‘थेरपीचा उपयोग होत नाही’ असा अर्थ निघतो. फार छान प्रगती लिहिली तर ‘आता गरज उरली नाही’. दोन्ही खरं सांगायचं: मदत मिळते तेव्हा तो इथवर येतो, मदत नसते त्या दिवशी काय होतं. शाळेच्या सुट्टीत थेरपी थांबली होती तेव्हाच्या नोंदी असतील तर जरूर जोडा.

वापरल्या न गेलेल्या चाळीस टक्क्यांनी तुम्ही घाबरला आहात. उरलेले पैसे नव्या प्लॅनमध्ये पुढे जात नाहीत, आणि कारण दिलं नाही तर ‘गरज नव्हती’ असा अंदाज बांधला जातो. पण तुमच्या प्रश्नातच कारण आहे: स्पीच थेरपिस्टच्या वेटिंग लिस्टवर पाच महिने गेले आणि सपोर्ट वर्कर दोनदा सोडून गेला. मग ते पुराव्यानिशी मांडा. वेटिंग लिस्टचे ईमेल शोधा, वर्कर कधी आला आणि कधी गेला त्याच्या तारखा लिहा, मधल्या काळात ते काम कोणी केलं तेही लिहा. मला वाटतं, हे एक पान तुमच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलेल. पैसे होते, माणूस मिळाला नाही, आणि ती सगळी झळ आईने सोसली. मात्र केवळ आकडा दिसावा म्हणून शेवटच्या महिन्यात घाईने खर्च करू नका. ३ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात कशावर खर्च करता येतो आणि कशावर नाही याच्या याद्या आल्या आहेत. यादीबाहेरच्या खर्चाची वसुली तुमच्याकडून होऊ शकते.

ध्येयांवर फार वेळ घालवू नका. दोन-तीन पुरेत, साध्या भाषेत. ध्येयात वस्तूचं नाव नको. ‘आयपॅड हवा’ लिहिण्याऐवजी ‘भूक लागली, दुखतंय, नको, हे त्याला घराबाहेरच्या माणसालाही सांगता यावं’ असं लिहा. आयपॅड लागतोच का, हे मग स्पीचचा रिपोर्ट सांगेल. शाळेतलं शिकवणं शाळेच्या खात्यात, औषधं आणि पीडियाट्रिशियन मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यविम्यात. ते इथे मागितलं की बाकीची मागणीही पातळ होते. भारतातलं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) इथे चालत नाही, पण तिथले जुने रिपोर्ट असतील तर ते मुलाचा इतिहास म्हणून जोडायला हरकत नाही.

तुमचा मुलगा लवकरच नऊचा होईल, हे विसरू नका. नऊ वर्षांखालच्या मुलांचं काम अर्ली चाइल्डहुड पार्टनरकडे असतं, पुढे ते दुसऱ्यांकडे जातं. म्हणजे तुम्हाला ओळखणारी व्यक्ती बदलेल आणि हाती फक्त फाइल उरेल. शिवाय मुलगा योजनेत कुठल्या निकषावर आला ते जुन्या पत्रात पाहा, अर्ली इंटरव्हेन्शनखाली (वेळेत दिलेल्या मदतीखाली) की कायमच्या अपंगत्वाखाली. पहिल्या निकषावर आला असेल तर या सुमारास पात्रतेचीही तपासणी होऊ शकते. लेव्हल २ चं निदान स्पष्ट लिहिलेलं पत्र त्यासाठी हाताशी असू द्या. मध्यंतरी दुसरं काही निदान झालं असेल तर तेही आत्ताच कळवा. मदत मंजूर होते ती योजनेने मान्य केलेल्या अपंगत्वासाठीच.

मीटिंगपेक्षा मला काळजी वाटते ती तिच्या आधी येणाऱ्या फोनची. तारीख जवळ आली की चेक-इनचा फोन येतो. बोलणारी व्यक्ती गोड बोलते, ‘प्लॅन कसा चाललाय’ विचारते, तुम्ही वूलवर्थ्समध्ये ट्रॉली ढकलत असता आणि म्हणता, ‘ऑल गुड, थँक यू’. त्या उत्तराचीही नोंद होते. तेव्हा सरळ सांगा: ‘मला याबद्दल नीट बोलायचं आहे, वेळ ठरवूया.’ असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

मीटिंग फोनवर असो, व्हिडिओवर असो किंवा समोरासमोर, सगळे कागद आठवडाभर आधी ईमेलने पाठवून ठेवा. बोलताना ते एक पान समोर असू द्या. सोबत माणूस घेता येतो: सपोर्ट कोऑर्डिनेटर, मैत्रीण, किंवा अ‍ॅडव्होकेट (वकील नव्हे, तुमची बाजू मांडायला मदत करणारी व्यक्ती). व्हिक्टोरियात एडेक ही संस्था आपल्यासारख्या स्थलांतरित घरांसाठी अ‍ॅडव्होकसीचं काम करते. ‘घरातलं दार आम्ही कुलूप लावून ठेवतो’ हे सांगायला बिचकू नका, मुलगा रस्त्यावर पळतो म्हणून लावता. पण ते ओटीशी आधी बोला, कारण पैसे घेऊन काम करणाऱ्या सपोर्ट वर्करने असं कुलूप लावलं तर त्याला वेगळे नियम आहेत आणि बिहेवियर सपोर्ट प्लॅन लागतो. शेवटी विचारून घ्या: अजून कुठला कागद कमी आहे? आणि फोन ठेवल्यावर, काय बोलणं झालं ते चार ओळींत त्यांनाच ईमेल करा. तुमच्या बाजूची नोंद तयार होते.

तारीख उलटली आणि नवा प्लॅन आला नाही तर जुना बंद पडत नाही, नवा येईपर्यंत तो चालू राहतो. या भीतीने अर्धवट कागद घाईत देऊ नका.

नवा प्लॅन आला की त्याच दिवशी बसून जुन्याशी ताडून पाहा. काही चुकलंय असं वाटलं तर कारणं लेखी मागा. निर्णयाचं पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत इंटर्नल रिव्ह्यू मागता येतो. त्याचा निकाल साठ दिवसांत देणं अपेक्षित असतं. तोही पटला नाही तर अठ्ठावीस दिवसांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जाता येतं. इथे लोक एक चूक करतात: निर्णय चुकला असताना ‘परिस्थिती बदलली’ म्हणून नव्या रीअसेसमेंटचा अर्ज करतात. त्यात तीन महिने निघून जातात आणि मूळ निर्णयावर दाद मागायची वेळ संपते. निर्णय चुकला असेल तर इंटर्नल रिव्ह्यू, आणि आजी परत गेल्या, तुम्ही आजारी पडलात, असं नवं काही घडलं तर बदललेल्या परिस्थितीचा अर्ज. अजून एक गोंधळ टाळा: तुमच्या तारखेला सगळे ‘रिव्ह्यू’ म्हणतात, पण २०२२ पासून त्याचं अधिकृत नाव ‘प्लॅन रीअसेसमेंट’ आहे. ‘रिव्ह्यू’ हा शब्द आता दाद मागण्यासाठी वापरतात. फॉर्म निवडताना हे लक्षात असू द्या.

राहिला मुलाला मीटिंगला बसवायचा प्रश्न. सुरुवातीला पाच मिनिटं भेटू द्या, प्लॅनरने त्याला बघावं, नावाने हाक मारावी. नंतर त्याला तिथे ठेवू नका. तो मोजके शब्द बोलतो म्हणून त्याला कळत नाही असं नाही. आई आपल्याबद्दल काय सांगते आहे, कुठल्या आवाजात सांगते आहे, ते त्याला पुरतं कळतं. आणि तो समोर असताना तुम्हीही खरं बोलणार नाही, ‘तसा गुणी आहे हो’ म्हणाल. सपोर्ट वर्करचा स्लॉट नेमका त्याच वेळेला लावा. आजींवर एकट्यांवर सोडू नका, तो पळतो. त्याला गाड्या आवडतात असं तुम्ही लिहिलंय. वर्करला सांगा, तासभर स्टेशनजवळच्या कुंपणापाशी उभं राहून व्ही-लाइनच्या गाड्या बघा, आणि मी फोन करेपर्यंत परत येऊ नका.